प्री-मेडचे सायन्स कोर्स मेडिकल स्कूलमध्ये खरंच कामाला येतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नक्की कोणासाठी आहे?

अमेरिकेत प्री-मेड करणाऱ्या, म्हणजे मेडिकलला जायच्या तयारीने कॉलेज करणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी पण. इथे बारावीनंतर सरळ मेडिकलला जाता येत नाही (कॉलेज आणि मेडिकल एकत्र देणारे मोजके बीएस-एमडी प्रोग्रॅम सोडले तर), आधी चार वर्षांचं कॉलेज, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग मेडिकल स्कूलची चार वर्षं, त्यामुळे कॉलेजात कुठले कोर्स घ्यायचे यावरून घरात भयंकर टेन्शन असतं. मी आता मेडिकल स्कूलच्या चौथ्या वर्षाला आहे आणि आठवड्यातून एकदा तरी मला कोणी ना कोणी हेच विचारतं, की ताई, ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा काही उपयोग होतो का गं, अॅनाटॉमी आधी घेऊ का, जेनेटिक्स घेतलं नाही तर मागे पडेन का. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढलं.

एका वाक्यात सांग, उपयोग होतो की नाही?

पाठ केलेल्या माहितीचा फार कमी होतो, समजलेल्या गोष्टींचा खूप होतो. म्हणजे पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या क्रेब्स सायकलमधली आठ नावं तुम्ही कॉलेजात तोंडपाठ केली असतील तर ती मेडिकल स्कूलला येईपर्यंत उडून गेलेली असतात आणि पुन्हा पाठ करावीच लागतात, पण ऑक्सिजन नसेल तर पेशी लॅक्टेट का बनवते हे एकदा डोक्यात बसलेलं असेल ना, तर सेप्सिसच्या, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनलेल्या पेशंटचं लॅक्टेट वाढून चार आलं म्हणून सगळे का धावपळ करतायत ते तुम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.

मग हे कोर्स कंपल्सरी का ठेवलेत? परंपरा म्हणून?

थोडं परंपरा म्हणून, हो. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनरचा रिपोर्ट आला, कार्नेगी फाउंडेशनसाठी केलेला, त्याने अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल स्कूल्स बघितली होती आणि बऱ्याच ठिकाणची अवस्था वाईट होती, लॅब नाही, प्रवेशाला धड शिक्षणाची अट नाही. त्याने आग्रह धरला की मेडिकलला येणाऱ्याचा केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्सचा पाया आधी झालेला हवा. तेव्हाच्या परिस्थितीत ते अगदी बरोबर होतं. पण बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स, सगळं लॅबसकट एकेक वर्ष, ही आपली यादी त्याच विचारातून आली आणि मधल्या काळात मेडिसिन कुठल्या कुठे गेलं तरी यादी फारशी हलली नाही.

२००९ मध्ये एएएमसी (अमेरिकेतल्या मेडिकल स्कूल्सची संघटना) आणि हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट यांनी मिळून एक रिपोर्ट काढला, त्यात म्हटलं की कोर्सची नावं मोजू नका, विद्यार्थ्याला काय येतं ते बघा. त्यानंतर काही शाळांनी सक्तीची यादी काढून टाकली, बऱ्याच ठिकाणी ऑरगॅनिकच्या दुसऱ्या सेमिस्टरऐवजी बायोकेमिस्ट्री चालते. तरी प्रत्येक शाळेचं वेगळं असतं, तुम्ही जिथे अप्लाय करणार त्यांची वेबसाइट स्वतः बघा, सीनियर म्हणाले म्हणून सोडून देऊ नका.

सगळ्यात जास्त कामाला आलेला कोर्स कुठला?

फिजिऑलॉजी. डोळे मिटून सांगते. आणि गंमत बघा, बहुतेक शाळांच्या सक्तीच्या यादीत तो नाहीच!

मेडिकल स्कूलची पहिली दीड-दोन वर्षं (काही ठिकाणी आता फक्त एक) बऱ्याच शाळांत अवयवांप्रमाणे वाटलेली असतात, हार्टचा ब्लॉक, लंग्जचा ब्लॉक, किडनीचा ब्लॉक, आणि प्रत्येक ब्लॉकचा कणा फिजिऑलॉजीच असतो, पॅथॉलॉजी म्हणजे तीच बिघडलेली फिजिऑलॉजी आणि फार्मा म्हणजे ती औषधाने दुरुस्त करायचा प्रयत्न. किडनीचंच घ्या. ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळणीत, रक्त आत आणणारी एक बारीक नळी आणि बाहेर नेणारी एक, आत किती प्रेशर राहणार ते या दोन नळ्या किती आवळल्यात त्यावर ठरतं. आता एसीई इनहिबिटरने (बीपीचं औषध) बाहेर नेणारी नळी सैल होते, म्हणजे आतलं प्रेशर पडतं, म्हणजे क्रिएटिनिन, किडनी जो कचरा गाळून टाकते तो, रक्तात थोडं वाढतं. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाने आत आणणारी नळी आवळते. दोन्ही एकदम दिली तर आत येणारं रक्त कमी आणि बाहेर जायचा रस्ता मोकळा, फिल्टरेशन बसलं. हे ज्याला चित्रासारखं दिसतं त्याला ही औषधं एकत्र देताना काय जपायचं ते पाठ करावं लागत नाही. ज्याला दिसत नाही तो प्रत्येक औषधाची वेगळी यादी घोकत बसतो, आणि मी सुरुवातीला दोन महिने तेच केलं, कारण कॉलेजात मी फिजिऑलॉजी सोडून कॅन्सर बायोलॉजीचा अॅडव्हान्स्ड सेमिनार घेतला होता.

बायोकेमिस्ट्री?

दोन नंबरला. फक्त ती ज्या पद्धतीने शिकवतात त्यातलं निम्मं उपयोगाचं असतं. प्रत्येक एन्झाइमचं मेकॅनिझम, कुठला इलेक्ट्रॉन कुठे जातो, हे नंतर कोणी विचारत नाही. पण कुठला मार्ग कुठे अडला तर मागे काय साचतं आणि पुढे काय कमी पडतं, एवढं कळलं की जन्मजात मेटाबॉलिक आजारांचा अख्खा धडा सोपा होतो.

आणि एन्झाइम कायनेटिक्स! कॉलेजात ते आलेख काढताना मला वाटायचं हे आयुष्यात कधी लागणार नाही. तिसऱ्या वर्षी एक पेशंट आला, अँटीफ्रीझ प्यायलेला. अँटीफ्रीझमधलं इथिलीन ग्लायकॉल स्वतः तेवढं विषारी नसतं, अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम त्याला तोडायला सुरुवात करतं आणि त्यातून जे अॅसिड बनतं ते किडनी मारतं. उपाय काय, तर त्याच एन्झाइमची जागा अडवून ठेवायची. फोमेपिझॉल नावाचं औषध देतात, ते नसेल तर चक्क इथेनॉल पण चालतं, कारण एन्झाइमला ते जास्त आवडतं. कॉम्पिटिटिव्ह इनहिबिशन, फळ्यावरचा तोच आलेख, आणि समोर बेडवर माणूस. तो दिवस मी विसरणार नाही.

प्लस एमकॅटला बायोकेमिस्ट्री लागतेच, २०१५ च्या नव्या एमकॅटपासून दोन सेक्शनमध्ये साधारण पाव-पाव भाग तिचा असतो. त्यामुळे घ्याच.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीसाठी एवढं रडायचं, त्याचं काय होतं पुढे?

खरं सांगू, त्यातली रिअॅक्शन्सची फौज, सिंथेसिसची कोडी, रेणूची रचना ओळखायचं एनएमआर, यातलं मला मेडिकल स्कूलमध्ये काहीही लागलेलं नाही. अजिबात नाही.

राहतं ते थोडंसं, पण ते कामाचं. रेणूवर चार्ज आहे की नाही, तो पाण्यात राहणार की चरबीत, कुठला ग्रुप कुठे जाऊन चिकटणार, ही नजर येते. उदाहरण देते, गळू झालेल्या जागी लिडोकेनचं, म्हणजे जागा बधिर करायचं इंजेक्शन दिलं तरी पेशंटला नीट बधिरपणा येत नाही, का? लिडोकेनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू चार्ज घेऊन असतात तो आकडा) ७.९ च्या आसपास, आणि ते नर्व्हच्या आत शिरतं ते चार्ज नसलेल्या रूपात. पू झालेल्या जागी अॅसिड जास्त, त्यामुळे बहुतेक लिडोकेन चार्ज घेऊन बसतं आणि पडद्याबाहेरच अडकतं. हे तुम्हाला कळलं तर पेशंट ओरडतोय म्हणून त्याच्यावर चिडणार नाही, बाजूच्या निरोगी भागात नर्व्हच बधिर करायचा विचार कराल.

अॅस्पिरिनचं पण तसंच, ते प्लेटलेटला (रक्त गोठवणाऱ्या पेशीला) लागणाऱ्या कॉक्स एन्झाइमवर अॅसिटाइल ग्रुप कायमचा चिकटवून टाकतं, आणि प्लेटलेटला न्यूक्लियस नसल्यामुळे नवीन एन्झाइम बनवता येत नाही, म्हणून असर प्लेटलेट मरेपर्यंत, ७ ते १० दिवस. सर्जरीआधी कधीकधी अॅस्पिरिन आठवडाभर आधी का बंद करतात ते यातच आलं.

पण एवढ्यासाठी दोन सेमिस्टर आणि तेवढ्या रात्री घालवाव्या लागतात का? माझ्या मते नाही. एक सेमिस्टर ऑरगॅनिक आणि एक बायोकेमिस्ट्री हे पुरेसं आहे आणि ज्या शाळा हे मान्य करतात त्या योग्य करतात.

फिजिक्स तर नक्कीच वाया जातं ना?

नाही हो! मला पण असंच वाटायचं. पुली आणि उतारावरून घसरणारे ठोकळे नाही लागत, पण द्रवांचं फिजिक्स, प्रेशर, फ्लो, रेझिस्टन्स, हे रोज लागतं, आणि दुर्दैव असं की नेमका तोच धडा कॉलेजात सेमिस्टरच्या शेवटी घाईघाईत उरकतात.

इमर्जन्सी रोटेशनला एक अपघाताची पेशंट आली, खूप रक्त गेलेलं. मनगटाजवळ शिरेत एक बारीक गुलाबी, २० गेजची आयव्ही (सलाइनची सुई) आधीच होती. नर्सने त्या आयव्हीकडे बघितलं पण नाही, कोपराच्या खळग्यात सरळ १४ गेजची जाड नारिंगी घातली. रेसिडेंटने मला विचारलं, सेंट्रल लाइन (मानेतल्या वगैरे मोठ्या शिरेत घालायची लांब नळी) का नाही टाकली सांग. उत्तर प्वाझयच्या नियमात होतं, फ्लो त्रिज्येच्या चौथ्या घातावर वाढतो आणि लांबीने कमी होतो. त्रिज्या दुप्पट झाली तर फ्लो दुप्पट नाही, सोळापट. म्हणून जाड आणि आखूड सुई लांब, बारीक सेंट्रल लाइनला हरवते. मला ते आलं, कारण फिजिक्सच्या टीएने (प्रोफेसरांच्या हाताखाली शिकवणाऱ्याने) हाच नियम दोन स्ट्रॉ घेऊन करून दाखवला होता, एक बारीक आणि एक जाड, तेवढं लक्षात राहिलं होतं.

तोच नियम उलटा लावा, दम्यात श्वासनलिका थोडीशीच आवळते पण श्वास एवढा का अडकतो ते कळेल. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंट (फुफ्फुसाचे फुगे मिटू न देणारा द्रव) का घालावं लागतं, ते लाप्लासच्या नियमात येतं, फुगा जितका लहान तितका तो मिटायचा जोर जास्त.

जनरल केमिस्ट्रीतलं काय उरतं?

अॅसिड-बेस. बाकी सगळं विसरा पण हे विसरू नका.

हेंडरसन-हॅसलबाल्कचं समीकरण आठवतंय? रक्ताला लावून बघा. पीकेए ६.१, बायकार्बोनेट २४, कार्बन डायऑक्साइड ४०, त्याला ०.०३ ने गुणलं की १.२. चोवीस भागिले एक पूर्णांक दोन म्हणजे २०, वीसचा लॉग १.३, आणि ६.१ अधिक १.३ बरोबर ७.४. आपल्या रक्ताचा पीएच! मला हे पहिल्यांदा वहीत सुटलं तेव्हा अंगावर काटा आला होता. वरचा आकडा (बायकार्बोनेट) किडनी सांभाळते, खालचा (कार्बन डायऑक्साइड) फुफ्फुसं, एक बिघडला की दुसरा सावरायला बघतो. डायबेटिक कीटोअॅसिडोसिसचा, म्हणजे डायबेटिसमुळे रक्तात अॅसिड साचलेला पेशंट एवढे खोल श्वास का घेतो, तर खालचा आकडा कमी करून तो भागाकार सावरायला. आयसीयूत रोज सकाळी ब्लड गॅसचे रिपोर्ट वाचताना हेच लागतं.

अॅनाटॉमी आधी करून ठेवली तर पुढे आराम मिळेल ना?

पहिले दोनतीन आठवडे. मग सगळे एका पातळीवर.

कॉलेजात ती मॉडेलवर किंवा मांजरावर शिकवतात, मेडिकल स्कूलमध्ये माणसाच्या देहावर, आणि वेग एवढा की कॉलेजातलं सेमिस्टर काही आठवड्यांत संपतं. भाषा आधी कळलेली असते हा फायदा, अँटिरियर-पोस्टिरियर, फ्लेक्शन-एक्स्टेन्शन यात वेळ जात नाही. पण खरी अॅनाटॉमी हाताने शिकायची गोष्ट आहे. दंडाच्या हाडाला मागून चिकटून जाणारी रेडियल नर्व्ह मी पुस्तकात पन्नास वेळा बघितली असेल, पण त्या टेबलावर तिच्याखाली बोट घालून ती हाडाला कशी वेटोळं घालते ते जाणवलं तेव्हा कळलं, की दंड मधोमध मोडला की मनगट का लुळं पडतं. ज्यांनी आपला देह यासाठी दिला त्यांचं ऋण आमच्यावर कायम राहील.

जेनेटिक्स, मायक्रो, इम्युनो, सेल बायो, यातलं एक निवडायचं असेल तर?

इम्युनोलॉजी, कारण ती पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांच्याच डोक्यावरून जाते, दुसऱ्यांदा ऐकताना बसते, तर ती पहिली वेळ कॉलेजात होऊन जाऊ दे. मायक्रोमधले जंतू मेडिकलला वेगळे असतात आणि ते फ्लॅशकार्डवरच पाठ होतात. सेल बायो बरी. जेनेटिक्समधलं हार्डी-वाइनबर्ग मात्र नीट समजून घ्या, सिस्टिक फायब्रोसिस २५०० मध्ये एकाला असेल तर त्याचं वर्गमूळ ५० मध्ये एक, हे बिघडलेल्या जीनचं प्रमाण, आणि प्रत्येकाकडे जीनच्या दोन प्रती म्हणून साधारण त्याच्या दुप्पट, २५ मध्ये एक माणूस कॅरिअर (स्वतः निरोगी, पण एक बिघडलेली प्रत असलेला), आणि नवरा-बायको समोर बसून आमच्या बाळाला धोका किती असं विचारतात तेव्हा सुरुवात तिथून होते.

बॉटनी आणि इकॉलॉजी आवडत असेल तरच.

कॅल्क्युलस की स्टॅटिस्टिक्स?

स्टॅट्स, स्टॅट्स, स्टॅट्स. कॅल्क्युलस मी चार वर्षांत एकदाही केलं नाही, बदलाचा दर म्हणजे काय एवढं समजलं की झालं (काही शाळा मागतात म्हणून तपासून घ्या, तो वेगळा मुद्दा).

स्टॅट्सचं बघा. एक टेस्ट आहे, आजार असलेल्या १०० पैकी ९० जणांना पकडते, निरोगी १०० पैकी ९१ जणांना बरोबर निगेटिव्ह देते. भारी वाटते ना? आता आजार १०० मध्ये एकालाच असेल आणि १००० जणांना टेस्ट केली, तर खरे आजारी १०, त्यातले ९ पकडले. निरोगी ९९०, त्यातले सुमारे ८९ उगाच पॉझिटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या ९८ जणांपैकी आजार फक्त ९ जणांना! हे ज्या डॉक्टरला माहीत नाही तो समोरच्या माणसाची महिनाभराची झोप उडवू शकतो, आणि मी असं होताना प्रत्यक्ष पाहिलंय, एका बाईंना स्क्रीनिंगचा रिझल्ट फोनवर असा सांगितला गेला की जणू निदान झालंच, पुढची टेस्ट होईपर्यंत त्या जेवल्या नव्हत्या धड. शेवटी काही निघालं नाही. म्हणून मला या विषयाबद्दल एवढं तळमळून सांगावंसं वाटतं. हे सक्तीच्या यादीत फिजिक्सच्या वर असायला हवं.

सायन्स मेजर नसेल तर मागे पडतो का?

सुरुवातीला दमछाक होते, खोटं कशाला बोलू. नंतर फरक दिसत नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये १९८७ पासून एक प्रोग्रॅम होता, ह्युमॅनिटीज अँड मेडिसिन, त्यात ऑरगॅनिक, फिजिक्स आणि एमकॅट न करता साहित्य, इतिहास वगैरे शिकणाऱ्या मुलांना घ्यायचे. २०१० मध्ये त्यांच्या कामगिरीचा अभ्यास छापून आला आणि ती मुलं बाकीच्यांच्या बरोबरीने होती. माझ्याच बॅचमधली व्हायोलिन शिकून आलेली एक मैत्रीण पहिल्या ब्लॉकला रडकुंडीला आली होती, आता ती वॉर्डमध्ये आमच्या सगळ्यांपेक्षा छान हिस्ट्री घेते (पेशंटला त्याच्या आजाराची माहिती विचारते), कारण तिला ऐकता येतं.

प्रवेश घेणाऱ्यांत अर्ध्याहून जास्त बायोलॉजीवालेच असतात हे खरं, पण अर्जच त्यांचे जास्त असतात.

मग अॅडव्हान्स्ड सायन्स कोर्स घेऊन ट्रान्सक्रिप्ट भारी करायची की नाही?

त्या विषयाची मनापासून ओढ असेल तर जरूर घ्या. मेडिकल स्कूलमध्ये सोपं जाईल या आशेने घेऊ नका, तेवढा फायदा मिळत नाही आणि ग्रेड मात्र पडू शकते, अर्जात तुमचा बायोलॉजी-केमिस्ट्री-फिजिक्स-मॅथ्सचा बीसीपीएम जीपीए वेगळा काढतात हे ध्यानात ठेवा. फिजिऑलॉजी, बायोकेम, स्टॅट्स, जमलं तर इम्युनो. उरलेल्या जागेत असं काही घ्या जे नंतर कधीच शिकायला मिळणार नाही. मी घेतलेला स्पॅनिशचा कोर्स मला ऑरगॅनिक टूपेक्षा शंभरपट कामाला आला, रात्री दोन वाजता दुभाष्याची वाट बघत असताना घाबरलेल्या आजींना "कुठे दुखतंय" एवढं त्यांच्या भाषेत विचारता आलं.

लॅब कोर्सचा उपयोग?

पिपेट धरायचा नाही. पण प्रयोग फसणं, आकडे जुळत नसणं आणि तरी खोटं न लिहिणं, हे तिथेच शिकतो.

स्टेप वन आता पास-फेल आहे, मग बेसिक सायन्स एवढं महत्त्वाचं राहिलं का?

जानेवारी २०२२ पासून स्टेप वनला (डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा) आकडा मिळत नाही, बरोबर. त्यामुळे बारीकसारीक घोकंपट्टीचं ओझं थोडं हललं. पण स्टेप टूला आकडा आहेच, आणि तिथले प्रश्न पेशंटच्या गोष्टीत गुंडाळलेले असले तरी आतून फिजिऑलॉजीच विचारतात.

मेडिकल स्कूल सुरू होण्याआधीच्या सुट्टीत काय वाचून ठेवू?

काही नाही, झोपा, घरच्यांबरोबर राहा, पोहायला जा. सायन्स सोडून चार-पाच वर्षं झाली असतील, नोकरी करून येत असाल, तर दोन गोष्टींवरून नजर फिरवा: अॅसिड-बेस, आणि पेशीच्या पडद्यातून सोडियम-पोटॅशियम कसं ये-जा करतं. दोन्ही मिळून एक वीकेंड पुरतो. आणि रोज थोडं थोडं फ्लॅशकार्ड करायची सवय नसेल तर तेवढं अॅप शिकून घ्या, पहिल्या सोमवारी ते उघडावं लागणारच आहे.